नाव एकच, उपचार दोन

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, द्राक्षबाग आहे. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, सोळा वर्षांची. दिवाळीनंतर तिच्या वहीत वर्गातल्या एका मुलीला लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. घरात खूप बोलाबोली झाली. आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो, तिथंही तमाशा झाला. हिचा मोबाईल काढून घेतला, कॉलेज बंद केलं. महिन्याभरानं तिच्या हातावर जखमांच्या रांगा दिसल्या. विचारलं तर म्हणाली, “त्यानं बरं वाटतं.” मग म्हणाली, “मी नसले तर तुमचं टेन्शन जाईल.” सिव्हिलमध्ये दाखवलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, बिहेविअर थेरपी सुरू करू, आईवडिलांनीही यायचं. माझ्या दिरांनी पुण्यात एक जण शोधलाय. तोही बिहेविअर थेरपीच देतो. म्हणतो, सहा महिन्यांत मुलगी नॉर्मल करून देतो, फक्त सुरुवातीला तिला तिथं सोडून जायचं आणि भेटायला यायचं नाही. सासूबाई म्हणतात, स्थळं बघा. मिस्टर तिच्याशी बोलतच नाहीत. दोन्हीकडे नाव तेच आहे, मग कुठे न्यायचं? गुरुवारी सिव्हिलची तारीख आहे. – एक आई

उत्तर:

ताई,

पुण्याला नेऊ नका. पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण पत्र अर्धं वाचून कुणी हाक मारली तरी एवढं तुमच्या हातात राहावं. गुरुवारी सिव्हिललाच जा, आणि दोघंही जा. का, ते सविस्तर सांगते. पण त्याआधी आज रात्रीचं काम आहे. ते कुठल्याच थेरपीसाठी थांबवून ठेवण्यासारखं नाही.

“मी नसले तर तुमचं टेन्शन जाईल.” सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे वाक्य. ते ऐकून तुम्ही काय म्हणालात, ते लिहिलेलं नाही. बहुतेक “असं बोलू नये गं” म्हणाला असाल. काळीज हललं की आईच्या तोंडून तेच येतं. आता तो विषय पुन्हा तुम्हीच काढा. समोर बसवून नको. पोळ्या लाटताना, केस विंचरताना, डोळ्याला डोळा भिडवावा लागणार नाही अशा वेळी. आणि सरळ शब्दांत विचारा, “बाळा, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात घुसतो, ही भीती सगळ्यांनाच असते. तसं होत नाही. यावर भरपूर अभ्यास झालाय. उलट इतके दिवस एकटीनं वाहिलेलं ओझं कुणीतरी बघितलं म्हणून मुलं रडतात आणि बोलायला लागतात.

उत्तर “हो” आलं तर शपथ घालू नका, “आमचा विचार केलास का” हे तर मुळीच नको. “सांगितलंस ते बरं केलंस, मी आहे” एवढं पुरे. त्या रात्री तिच्याजवळ झोपा. कधी, कसं असं काही तिनं ठरवलेलं वाटलं तर गुरुवारची वाट न बघता थेट सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत न्या. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर तिलाही द्या. त्यासाठी तिच्या हातात फोन लागेल, त्याचं पुढे बोलते.

दुसरं काम मिस्टरांना द्या. द्राक्षबाग आहे म्हणजे फवारणीची औषधं घरात किंवा शेडवर असणारच. आज संध्याकाळी ती सगळी एका लोखंडी पेटीत जाऊ द्यात, पेटीला कुलूप आणि किल्ली त्यांच्या कमरेला. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही कुलपात. रोजच्या रोज काढून द्यायच्या. मरणाची ऊर्मी बहुतेक वेळा लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. लाट शिखरावर असते त्या घटकेला हाताशी काय आहे, यावर फार काही ठरतं. शेजारच्या श्रीलंकेनं १९९५ नंतर सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, तेव्हा तिथल्या आत्महत्या झपाट्यानं उतरल्या. माणसांची दुःखं काही कमी झाली नव्हती, विष फक्त लांब गेलं होतं. मिस्टर बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. कुलूप लावायला बोलावं लागत नाही. पण लपूनछपून करू नका. तिला सांगा, “तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तू आम्हाला हवी आहेस म्हणून हे कुलूप.”

आता तुमचा प्रश्न. दोन ठिकाणी तेच नाव कसं?

हा गोंधळ तुमचा एकटीचा नाही, त्याला इतिहास आहे आणि त्यात माझाही हात आहे. १९९७ साली मी एका शाळेत समुपदेशक म्हणून नवीनच लागले होते. दहावीतला एक मुलगा, हुशार, हस्ताक्षर मोत्यासारखं. मुलांबद्दलच ओढ वाटते, असं त्यानं मला विश्वासानं सांगितलं. मी त्याला आणि त्याच्या वडिलांना शहरातल्या एका क्लिनिकची चिठ्ठी दिली. तिथं वर्तनोपचार, म्हणजे बिहेविअर थेरपीच, करतात, एवढंच मला माहीत होतं. तिसऱ्या खेपेनंतर तो माझ्याकडे आला आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. मग सांगायला लागला. तिथं पुरुषांचे फोटो दाखवायचे आणि मनगटाला विजेचा झटका द्यायचे. बाईचा फोटो आला की झटका बंद. त्यानं मला विचारलं, “मॅडम, तुम्हाला माहीत होतं?” मला माहीत नव्हतं. पण चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही. तो नंतर शाळेत आला नाही. त्या मुलाची माफी मागायची राहिली ती राहिलीच. म्हणून हे सदर लिहिताना या विषयावर मी मोघम बोलत नाही.

ताई, असे झटके एखाद्या भोंदूनं शोधून काढलेले नव्हते. साठ-सत्तरच्या दशकांत शिकलेसवरलेले लोक जगभर हे शास्त्र म्हणून करत होते, वर्तनोपचाराच्याच नावानं. आणि ते थांबवा म्हणणाराही त्यांच्यातलाच निघाला. जेराल्ड डेव्हिसन हे अमेरिकेतल्या वर्तनोपचार करणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. समलिंगी ओढ बदलायची एक पद्धत त्यांनी स्वतः १९६८ साली मांडली होती. १९७४ च्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी आपल्याच लोकांना सांगितलं की ही ओढ बदलून द्यायचं काम आपण सोडून द्यावं, रुग्णानं स्वतः मागितलं तरी. कारण माणूस ते मागतो तो घरच्यादारच्या दबावाखाली, लाजेपोटी. ती लाज समाजानंच त्याच्यात भरलेली असते, आणि आपण तिच्यावरच उपचाराचा शिक्का मारतो.

पुण्याचा तो माणूस जे विकतोय ते सोडून द्या, असं त्या शास्त्रातल्याच माणसानं पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आज त्याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. झटके असोत, गोळ्या असोत, उपास असोत, संमोहन असो की नुसतं गोड बोलून लाज भरणं असो, “ही ओढ घालवून देतो” म्हटलं की ते तेच.

दिरांशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून थोडं सांगते. ते वाईट हेतूनं करत नसणार. पुतणीसाठीच धावाधाव करतायत, हे धरूनच बोला. समलैंगिकता आजारांच्या यादीतून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये. आपल्याकडच्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनंही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. आजार नाही, तर बरं काय करणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर लिहूनच ठेवलंय की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत एखादा माणूस बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मद्रास हायकोर्टानं २०२१ मध्ये अशा ‘उपचारां’वर मनाई केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे.

आणि ते “सोडून जा, भेटायला येऊ नका” वाचून माझ्या अंगावर काटा आला. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीला मानसिक आरोग्य संस्थेत ठेवायचं तर दोन तज्ज्ञांनी तिला वेगवेगळं तपासून तशी गरज आहे असं म्हणावं लागतं. शिवाय पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं पूर्ण वेळ तिच्यासोबत राहायचं असतं. आईला दाराबाहेर ठेवणारी जागा कसली आहे, हे एवढ्यावरून ओळखा. जी मुलगी आत्ताच “मी नसले तर” म्हणतेय, तिला अनोळखी माणसांत एकटी टाकून येणं म्हणजे तिच्या मनातला सगळ्यात काळा संशय आपणच खरा करून देणं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॅटलिन रायन यांनी अशा घरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. त्यांच्या २०२० च्या एका अभ्यासातले आकडे माझ्या वहीत लिहिलेले आहेत, आईवडिलांशी बोलताना मी ते काढते. ज्यांना बदलायचा प्रयत्न कुणीच केला नाही, अशा समलिंगी आणि ट्रान्स तरुणांपैकी १०० मध्ये २२ जणांनी कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. आईवडिलांनी घरी बदलायचा प्रयत्न केला त्यांच्यात ४८ जणांनी. आईवडिलांनीही केला आणि थेरपिस्टकडे किंवा धर्मगुरूकडेही नेलं त्यांच्यात ६३ जणांनी. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपली घरं वेगळी आहेत, हे मान्य. पण लेकराच्या काळजाची रचना तिकडे वेगळी असेल असं मला नाही वाटत.

आता सिव्हिलमधल्या मॅडम काय करणार ते सांगते. कारण “बिहेविअर थेरपी” म्हटल्यावर तुमच्या घरात सगळ्यांना वाटलंय की तिचं वागणं सुधारायचंय. बदलायची आहे ती तिची स्वतःला इजा करण्याची सवय. कुणावर जीव जडलाय, त्याला हात लावायचा नाही.

त्यांनी नक्की कुठली पद्धत म्हटली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी नावाची पद्धत आहे. सिॲटलच्या मार्शा लिनेहान यांनी ती उभी केली. त्या स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला इजा करायच्या. हे त्यांनी २०११ मध्ये, नाव झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी, सगळ्यांसमोर सांगितलं. पुढे ती पद्धत किशोरवयीन मुलांसाठी बेतली गेली आणि त्यात आईवडिलांना वर्गात आणून बसवलं. २०१८ मध्ये अशा १७३ मुलामुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या डीबीटीनंतर आत्महत्येचे प्रयत्न आणि इजा करणं, नुसता धीर देणाऱ्या समुपदेशनापेक्षा बरंच कमी झालं होतं. पुढच्या सहा महिन्यांत तो फरक कमी होत गेला, म्हणून उपचार संपले की सगळं संपलं असं समजायचं नाही. आपल्याकडे पूर्ण डीबीटी शिकलेली माणसं थोडी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. सिव्हिलमध्ये त्यातली काही तंत्रं आणि विचारांवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, असं मिळून करतील. तेही चालेल. माणूस बरा पाहिजे आणि दिशा बरी पाहिजे.

ते काम कसं चालतं, त्याची एक झलक दाखवते. समजा, बुधवारी रात्री तिनं हाताला इजा केली. आपण विचारणार, “का केलंस?” आणि ती म्हणणार, “माहीत नाही.” तिला खरंच माहीत नसतं. थेरपिस्ट पावलापावलानं मागे जाते. त्याआधी कुठे होतीस? वर खोलीत. त्याआधी? जिन्यात उभी होते. जिन्यात का? खाली काकांचा फोन स्पीकरवर चालू होता. काय ऐकू आलं? “पोरगी हातची जाईल.” मग? बाबा काहीच बोलले नाहीत. अंगात काय झालं? कान तापले, पोटात खड्डा पडला. मनात काय आलं? बाबांनाही तेच वाटतं. जेवली होतीस? नाही. आदल्या रात्री झोप? तीन तास. अशी एकेक कडी कागदावर येते आणि मग दोघी मिळून बघतात, साखळी कुठे तुटली असती. पोटात अन्न असतं तर. खाली येऊन “बाबा, तुम्हालाही असंच वाटतं का” असं विचारता आलं असतं तर. एखाद्या मैत्रिणीला फोन लावता आला असता तर. स्पीकर बंद असता तर.

यातल्या किती कड्या तिच्या हातात आहेत आणि किती तुमच्या, बघा. म्हणून आईवडिलांना बोलावतात. दोष द्यायला नाही बोलावत.

तिला लाट येईल त्या वेळेसाठी अंगाला करायच्या साध्या गोष्टीही शिकवतील. एक तुम्हीही शिकून ठेवा: मोठ्या पातेल्यात फ्रीजचं गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून पंधरा-वीस सेकंद चेहरा त्यात धरायचा, डोळ्यांखालचा भाग भिजला पाहिजे. हृदयाची धडधड उतरते आणि डोक्यातला कल्लोळ थोडा खाली येतो. हृदयाचा काही त्रास असेल किंवा तिनं खाणंपिणं टाकलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे काही औषध नाही, लाट ओसरेपर्यंतची काठी आहे. “त्यानं बरं वाटतं” असं ती म्हणाली ते नाटक नव्हतं. तिला खरंच घटकाभर बरं वाटतं. तेवढीच घटका जखमेशिवाय मिळवायला शिकवायचं आहे.

तिला एक छोटं कार्ड किंवा वही देतील. इजा करावीशी किती वाटली, झोप किती झाली, राग, लाज, भीती, आनंद, रोजचा रोज आकडा टाकायचा. ती वही तिची आणि थेरपिस्टची. चिठ्ठ्या सापडल्या तशी ही सापडता कामा नये. ती तिथं जे बोलेल ते मॅडम तुम्हाला सांगणार नाहीत. जिवाला धोका वाटला तरच सांगतील. हे तुम्हाला जड जाईल. पण या गुप्ततेशिवाय ती तोंडच उघडणार नाही.

आणखी एक काम असतं, ते अशा मुलांपुरतं खास आहे. भीती घेऊन आलेल्या बाकीच्या मुलांना थेरपिस्ट विचारते, “लोक तुला नावं ठेवतात हे नक्की का?” हिच्या बाबतीत उत्तर, हो, नक्की. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. येल विद्यापीठातले जॉन पचॅन्किस आणि इतर काहींनी सीबीटी या मुलांसाठी मुद्दाम बदलून घेतली ती याचसाठी. तिथं आधी मान्य करायचं की तुझ्यावर आलेला ताण खरा आहे, तो बाहेरून आलाय. मग बघायचं की त्या बोलण्यातून तू स्वतःबद्दल काय ठरवून टाकलंस. “लोक मला घाण म्हणतात” हे घडलेलं आहे. “मी घाण आहे” हे तिनं त्यावरून काढलेलं गणित आहे, आणि ते चुकलंय.

मॅडमना पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारा: “उपचार संपतील तेव्हा काय बदललेलं असेल?” झोप, जेवण, हाताच्या जखमा, कॉलेज, घरातलं बोलणं असं काही उत्तर आलं तर निश्चिंत व्हा. मुलांकडे ओढ वाटायला लागेल, असं उत्तर आलं तर सिव्हिल असो की आणखी कुठे, उठून या. पुढे खाजगीत जायची वेळ आली तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नोंदणी क्रमांक मागा. मागायला लाजू नका. समलिंगी लोकांशी सन्मानानं काम कसं करायचं, याचं वेगळं प्रशिक्षण मुंबईची मरिवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांना २०१९ पासून देते. ते घेतलेली माणसं ऑनलाइनही भेटतात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच: सोळाव्या वर्षी एवढं कसं कळतं? वय आहे, जाईल की. काहींचं बदलतं, बहुतेकांचं नाही बदलत. तुम्ही सोळाच्या असताना एखाद्या मुलाकडे बघून पोटात कालवाकालव झाली असेल, तेव्हा कुणाला विचारून झाली नव्हती. तिचं पुढे काय ते तिला कळेल, तिच्या वेळेनं. चांगला थेरपिस्ट ते ठरवायला जात नाही. तुम्हीही आज ठरवायची गरज नाही. आज तिला जगवायचं आहे.

सासूबाईंना सांगा, अठरा पूर्ण झाल्याशिवाय मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे आणि स्थळं हा विषय तिच्यासमोर निघणार नाही. तुमच्या तोंडून ऐकायचं नसेल तर मिस्टरांच्या तोंडून ऐकतील. त्यानंतरही, जिथं मन नाही तिथं लग्न लावून दोन घरांचं नुकसान झालेलं मी किती वेळा पाहिलंय, ते लिहायला बसले तर वेगळं सदर लागेल.

मोबाईल परत द्या. मोबाईलमुळे हे झालेलं नाही. गावात बसलेल्या, कॉलेज तुटलेल्या मुलीला तो काढून घेतला की सगळं जग चार भिंतींएवढं होतं. रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये, असा नियम सगळ्या घराला लावा, तिला एकटीला नको. कॉलेजही सुरू करा. त्याच कॉलेजात जायची लाज वाटत असेल तर बदलून द्या, पण घरी बसवू नका.

मिस्टरांबद्दल. गप्प बसणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यातले फार थोडे निर्दय होते. बहुतेकांना शब्द सापडत नसतात. मागे एक वडील माझ्याकडे यायचे, एसटीत कंडक्टर होते. पोराला काय बोलायचं ते कळायचं नाही, म्हणून रोज ड्युटीवरून येताना पोरासाठी एक वर्तमानपत्र आणायचे आणि उशाशी ठेवायचे. दीड महिना एवढंच. मग एके दिवशी पोरानं आतली एक बातमी वाचून दाखवली आणि सुरुवात झाली. तुमच्या मिस्टरांना बोलता येत नसेल तर सकाळी बागेत जाताना तिला बरोबर नेऊ द्या. त्यांनी सगळं समजून घ्यावं याची ती वाट बघत नाहीये, फक्त बाबा अजून आपल्याकडे बघतात का, एवढंच ती तपासतेय.

तुमचंही मोडलंय, ताई, मला दिसतंय. तिच्या लग्नाची, नातवंडांची तुम्ही मनात मांडलेली चित्रं आहेत, गावात तोंड दाखवायची भीती आहे. ती रडून घ्या, पण तिच्यासमोर नको. फिलाडेल्फियात गाय डायमंड यांच्या गटानं आत्महत्येच्या कडेवर असलेल्या समलिंगी मुलांसाठी कुटुंबाची थेरपी बेतली, तेव्हा मुद्दाम आईवडिलांच्या वेगळ्या भेटी वाढवल्या, त्यांना आपलं दुःख आणि भीती तिथं रिती करता यावी म्हणून. सिव्हिलमध्ये तशी वेगळी वेळ मागा. मुंबईत सुरू झालेला ‘स्वीकार’ हा समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. तिथल्या आया याच रस्त्यानं गेलेल्या आहेत, त्यांच्याशी एकदा तरी बोला. तिथं तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि ती दुसरी मुलगी. पत्रात तिच्याबद्दल “तिथंही तमाशा झाला” एवढंच आलंय. तीही सोळा वर्षांचीच आहे. तिच्याही घरात गेला महिना असाच गेला असणार, तिच्याही हाताकडे कुणी बघितलं आहे की नाही कुणास ठाऊक. तिच्या आईला फोन करा. “तेव्हा आम्ही चुकलो. तुमच्या पोरीला जपा, तिला एकटी सोडू नका. आम्ही सिव्हिलला दाखवतोय, तुम्हीही दाखवा,” असं सांगा. फोन आपटतील कदाचित. तरी करा.

मुलीची माफी मागायची राहिलीय, तीही मागा. वही उघडल्याची, न विचारता दिरांना आणि सगळ्यांना सांगितल्याची. इथून पुढे कुणाला सांगायचं ते ती ठरवेल, असा शब्द द्या आणि पाळा.

गुरुवारचं तिला बुधवारी रात्री जेवताना सांगा, गाडीत बसल्यावर नको. कुठे जातोय, कुणाला भेटतोय, कशासाठी. “तुला बदलायला नाही, तुझा त्रास कमी करायला,” हे वाक्य मिस्टरांनी म्हटलं तर फार बरं होईल. नाहीच जमलं तर तुम्ही म्हणा आणि त्यांना नुसतं शेजारी बसू द्या. सिव्हिलला रांग मोठी असते, डबा आणि पाणी बरोबर घ्या. रांगेत तिच्या शेजारी बसा.

तुमची,
ताई